नवतप्यातली हळद

काल मिलिंदनं कूलरमध्ये नवा वाळा भरला. जुनं गवत उपसलं, टाकी घासली, पंप लावला आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा वास घेऊन पहिली झुळूक खोलीत आली, तशी मी उठले आणि बाहेर अंगणात भर उन्हात जाऊन उभी राहिले. मिलिंद माझा नवरा. नवतपा लागला की ही बाई एकदा तरी मुद्दाम उन्हात उभी राहते, हे त्याला ठाऊक आहे. समोरच्या काकूंना अजून ठाऊक नाही. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "काहून उन्हात उभी वं पद्मा? ऊन लागन ना!"

मी हसून हात हलवला. ऊन लागावं म्हणूनच तर उभी होते.

मे सरता सरता सूर्य रोहिणीत जातो आणि आमचं नागपूर नऊ दिवस तव्यावर चढतं. रस्त्याचं डांबर मऊ पडतं, दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, कडुलिंबाखाली कुत्री जीभ काढून पडलेली असतात. नंदनवनच्या गल्ल्यांतून स्कूटरवर जाणाऱ्या बाया डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळतात, हातात पांढरे मोजे चढवतात. सख्खी बहीण शेजारून गेली तरी ओळखू येत नाही. लोक या दिवसांना घाबरतात. मला मात्र हे दिवस जवळ आले की सण जवळ आल्यासारखं वाटतं. कारण आयुष्यातला सगळ्यात थंड उन्हाळा मी अशाच एका नवतप्यात काढला. गोधडी पांघरून, दात वाजवत, हॉस्पिटलच्या खाटेवर.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. माझा ताप उतरला, मी घरी आले, चार घास जेवू लागले. 'सुटलो एकदाचे' म्हणून मिलिंदनं खुर्चीत अंग टाकलं. आणि मग एका सकाळी तोंड धुताना डाव्या गालाला हात लागला, तर तो गाल माझा वाटेना. कुणा परक्याच्या गालाला हात लावावा तसा. मग दात हलायला लागला. मग पापणी अर्धी मिटली ती उघडेना, आणि घरातल्या एका खिडकीच्या दोन खिडक्या दिसायला लागल्या. आजारपणात साखर कधी वाढली ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्या दिवसांत नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी काळ्या बुरशीचं नाव होतं. ती आता माझ्या गालात होती.

ऑपरेशन झालं. वरच्या जबड्याचा डावा भाग, त्यातले दात आणि टाळूचा अर्धा तुकडा गेला. शुद्धीवर आल्यावर तोंडात जीभ फिरवली, तर ती वर कुठं टेकेचना. वादळात टिनाचं छप्पर उडालेल्या घरासारखं वाटलं. डॉक्टर मॅडम खाटेच्या कडेला येऊन बसल्या. इतक्या तरुण, की माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या वाटाव्यात.

"पद्माताई, दिसत होतं तेवढं आम्ही काढलं," त्या म्हणाल्या. "जे दिसत नाही ते औषध मारेल. डोळ्याच्या मागे थोडं पोचलं आहे. औषधानं थांबलं तर डोळा राहील. नाही थांबलं तर..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी पडले पहिलीची शिक्षिका. दुसऱ्यांची अर्धी वाक्यं पूर्ण करण्यात माझा जन्म गेला. ते वाक्य मात्र मी तसंच राहू दिलं.

त्या औषधाचं नाव ॲम्फोटेरिसिन. माझ्या वर्गात फळ्यावर लिहिलं तर पोट्टे रडतील, असं नाव. वॉर्डात सगळे नुसतं 'ॲम्फो' म्हणत. ते गोळीसारखं गिळता येत नाही. शिरेतूनच द्यावं लागतं, आणि तेही अगदी सावकाश. शीबा सिस्टर ते तयार करून आणायच्या. उजेडानं बिघडू नये म्हणून बाटलीभोवती काळा कागद गुंडाळलेला असायचा. खिडक्यांना ओले पडदे, पंख्याची घरघर, फिनाईलचा वास, आणि प्रत्येक खाटेशी टांगलेली एकेक काळी बाटली. बघून कुणाचाही जीव दचकावा. पण बाटलीखालच्या नळीत थेंब उतरायचा तो पिवळा. कच्ची हळद पाण्यात कालवावी तसा पिवळा.

"हळद आली वं बायांनो, हळद आली!"

हे नाव ठेवलं अनुसयाबाईंनी. माझ्या शेजारची खाट त्यांची. पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यातल्या; घरी शेती, म्हशी, नवरा महादेवराव, आणि एक सून, जी सासूच्या बोलण्यापुढं कधीच हरलेली. त्यांचा उजवा डोळा मी येण्याआधीच काढावा लागला होता, आणि टाळूही माझ्यासारखीच अर्धी उरलेली. मी त्या वॉर्डात आले त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडले होते. कुणाशी बोलायचं नव्हतं. त्यांनी पाठीमागून हाक मारली. मी वळले नाही, तर हात लांब करून माझ्या खाटेचा दांडा वाजवला. शेवटी मी वळले. पट्टी बांधलेला तो चेहरा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"तुही डावी बाजू गेली, माही उजवी," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून एक पुरी बाई होते. रडतं काहून?"

त्या वर्षी लग्नसराई बसली होती. मंडप नाही, वाजंत्री नाही. "बाहेर हळद लागून नाही राहिली यंदा," अनुसयाबाईंचा हिशेब सरळ होता, "म्हून इथं आपल्याले लावून राहिले." आणि शीबा सिस्टर नळीचं चाक फिरवून थेंब सुरू करत असताना त्या नाकातल्या आवाजात हळदीची गाणी म्हणायच्या. गाणी त्यांच्या गावची, पण नावं आमच्या वॉर्डाची. नवरीच्या जागी मी, करवलीच्या जागी सिस्टर, आणि विहीण म्हणून डॉक्टर मॅडम. सिस्टर केरळच्या. त्यांना शब्द कळत नसत, पण आपलं नाव आलं की त्या मास्कच्या आत हसायच्या आणि त्यांचे डोळे बारीक व्हायचे.

हळद लागली की थोड्या वेळानं थंडी यायची. आधी उरलेले दात वाजायचे. मग खांदे, मग गुडघे, मग अख्खी लोखंडी खाट फरशीवर कडकड करू लागायची. बाहेर शहर भाजून निघत होतं आणि आत मी पानासारखी थरथरत होते. "खाट नाचून राहिली वं तुही," अनुसयाबाई म्हणायच्या, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत त्यांचीही खाट नाचू लागायची. सिस्टर धावत यायच्या, सुई द्यायच्या, थेंब मंद करायच्या, आमचे पाय दाबून धरून "बस दो मिनट, दो मिनट" म्हणत राहायच्या. त्यांची दोन मिनिटं संपता संपत नसत. पण संपत. आणि मग अंगातून ती थंडी अशी निघून जायची की घामेजलेल्या कपाळावर पंख्याचा वारा लागला तरी सुख वाटायचं. आज आहे तसं साधं, स्वस्थ पडलेलं शरीर ही केवढी चैन आहे, हे मला त्या वेळी कळलं.

हॉस्पिटलच्या चादरींनी भागेना, म्हणून मिलिंदनं घरून हिवाळ्याच्या गोधड्या आणायचं ठरवलं. माळ्यावरून काढल्या, स्कूटरवर पुढंमागं बांधल्या आणि भर दुपारी निघाला. सिग्नलवर उन्हासाठी हिरव्या जाळ्या बांधतात, त्यांच्या सावलीत सगळी वाहनं दाटीनं उभी होती. त्यात हा गोधड्यांचा डोंगर. शेजारच्या मोटारसायकलवाल्यानं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढून विचारलं, "काय गा भाऊ, काश्मीरले निघाला का?"

"नाही गा," मिलिंद म्हणाला, "बायकोले हिवाळा लागला."

हे त्यानं मला वॉर्डात येऊन सांगितलं, गोधडी अंगावर टाकता टाकता. आणि ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले. हसू तोंडातून यायच्या ऐवजी नाकातून आलं, फुर्र करून. मी इतकी दचकले की थांबलेच.

"अशीच फुरफुरते!" पलीकडून अनुसयाबाई ओरडल्या. "अगदी अशीच फुरफुरते माही म्हैस!"

मग तिघंही हसलो. दोन म्हशी आणि मिलिंद.

आमच्या बोलण्याचं तर काय सांगू. प, फ, ब, भ ही अक्षरं मी किती वर्षं शिकवली असतील. ओठ मिटायचे, वारा आत कोंडायचा आणि एकदम सोडायचा, की 'प' फुटतो. पण वारा कोंडायला वर छप्पर लागतं. टाळूला भगदाड पडलं की वारा नाकातून निसटतो आणि सगळ्यांचा 'म' होतो. मी 'पपई' म्हणायला जायची, 'ममई' व्हायचं. भाकरीची माकर झाली, बाबांचे मामा झाले. माझं नाव पद्मा. ते झालं 'मन्मा'. अनुसयाबाईंनी मात्र छाती फुगवून सांगितलं, "माह्या बापानं नाव कसं इचार करून ठेवलं पाय. अनुसया! आजार आला, डोळा गेला, पण नाव शाबूत."

डॉक्टरांना आमचं बोलणं कळत नसे. अनुसयाबाई काही सांगू लागल्या की डॉक्टर मॅडम गोंधळून माझ्याकडे बघत, आणि मी तत्परतेनं त्यांचं म्हणणं समजावून सांगे. माझ्या नाकातून. मग त्यांना आणखीच कळत नसे. आम्हा दोघींना मात्र एकमेकींचा शब्द न शब्द कळे. म्हणून इथं त्यांचं बोलणं मी सरळ लिहिते आहे. मला ते तसंच ऐकू येत होतं. वर्गात मुलं अडखळत वाचतात तेव्हा त्यांच्या मनातलं अक्षर शेजारच्या मुलाला आधी कळतं आणि बाईंना नंतर, असं मी नेहमी बघितलं होतं. ते तसं का होतं, हे मला त्या खाटेवर उमगलं. जो अडखळतो आहे त्याला अडखळणाऱ्याची भाषा येते.

त्याच दिवसांत बुद्धपौर्णिमा आली. आमच्या घरी त्या दिवशी खीर असतेच. माझं सगळं खाणं तेव्हा नाकातल्या नळीतून; डाळीचं पाणी, दूध, मिक्सरमधून काढून गाळलेलं काहीबाही. मिलिंदनं पहाटे उठून खीर केली. साखर नाही, कारण माझी साखर. शीत नाही, कारण नळी. तांदूळ दुधात शिजवून, वाटून, फडक्यातून गाळून त्यानं ती स्टीलच्या डब्यात आणली. सिस्टरनं ती मोठ्या सिरिंजमध्ये भरली आणि हळूहळू नळीत सोडली. पोटात कोमट कोमट उतरत गेली. मिलिंद समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता, जशी काही मी आता चव सांगणार आहे.

"गोड हाय का वं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"नाकातून काय कळणार?" मी म्हणाले. "आणि साखर तर घातलीच नाही त्यांनी."

"मंग घातली म्हन ना. नाकाले काय समजते!"

मी मिलिंदला सांगितलं, गोड झाली आहे. त्याला माझं बोलणं कळलं नाही. मी बोटांनी खूण केली. मग तो इतका खूश झाला, की उरलेली खीर अनुसयाबाईंच्याही नळीतून सोडायला लावली. त्यांनी डोळा मिटून घेतला, आणि संपल्यावर म्हणाल्या, "देवाशप्पथ, वेलची लागली."

त्या औषधाचा जन्म मातीतला, असं एकदा डॉक्टर मॅडमनी सांगितलं. कुठल्याशा लांबच्या देशातल्या नदीकाठच्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला, आणि तो स्वतःच्या बचावासाठी जे विष तयार करतो ते बुरशीला मारतं. आणि आमच्या गालातली बुरशीही मातीतलीच, कुजलेल्या पानांतली, शिळ्या भाकरीवरची. म्हणजे मातीतलं भांडण मातीत न मिटता आमच्या गालात येऊन चाललं होतं. मला हे फार अद्भुत वाटलं. अनुसयाबाईंना नाही. "वावरात असंच रायते," त्या म्हणाल्या. "तन बी तिथंच उगवते, पीक बी तिथंच. आपुन कोनाले पानी देतो ते पाहाचं." पण पाणी देण्याच्या बाबतीत हे औषध चोखंदळ. मूत्रपिंडांना ते झोंबतं, अंगातलं पोटॅशियम ओढून नेतं. म्हणून रोज रक्त काढायचं, रोज आकड्यांची वाट बघायची, आणि पोटॅशियमचं एक जहाल चवीचं पातळ औषध घ्यायचं. नळी निघाल्यावर ते पहिल्यांदा तोंडानं प्यायले तेव्हा कळलं, नाकातली नळी किती दयाळू होती.

आता त्या दिवसाचं सांगते.

औषध कमी पडत होतं. सगळीकडूनच मागणी, आणि येणाऱ्या कुप्या मोजक्या. एका सकाळी शीबा सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. ट्रेमधल्या बाटल्या खाटांपेक्षा कमी होत्या. सगळ्या खाटांवरच्या माना उचलल्या गेल्या. डॉक्टर मॅडम मागून आल्या. चेहरा उतरलेला. बाकीचं औषध निघालं आहे, येईल, पण कधी ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. माझी पापणी तोवर तसूभरही उचलली गेली नव्हती. खिडक्या अजून दोनच होत्या. मी त्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजत होते.

मॅडम पहिल्या खाटेपाशी पोचायच्या आत अनुसयाबाईंचा आवाज आला.

"मॅडम, माहा आज उपास हाय."

मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं, तेही कळलं नाही. अनुसयाबाईंनी मग हातानं खूण केली. आपली बाटली टांगायच्या आकड्याकडे बोट, मग नाही नाही, मग माझ्याकडे बोट. तेव्हा कुठं मॅडमना 'उपास' हा शब्दही लागला.

"औषधाला उपास नसतो, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"असते. आमच्या गावात असते. माहा डोळा तर गेलाच, आता थो काई परत येत नाही. तिचा हाय अजून. तिले लावा."

ही सगळी वाक्यं मी शब्दाशब्दानं मॅडमना समजावून द्यायची होती. तीच मला उच्चारता येईनात. अक्षरांचं कारण नव्हतं.

मॅडम अनुसयाबाईंच्या खाटेवर बसल्या. त्यांनी समजावलं, की हे ठरवणं मावशींचं काम नाही, त्यांचं आहे. ज्यांचा डोळा किंवा मेंदू धोक्यात आहे त्यांना आधी द्यायचं, हे त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. मावशींच्या तपासण्या चांगल्या आहेत, आज त्यांना गोळ्या देऊ, बाटली आली की लगेच लावू. "तुमचं उपासाचं पुण्य फुकट गेलं बघा," त्या म्हणाल्या आणि पटकन उठून खिडकीशी गेल्या. बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

माझ्या नळीत पिवळा थेंब उतरू लागला. मी शेजारी हात लांब केला. आमच्या खाटांमध्ये एक स्टूल होतं, त्यावर अनुसयाबाईंनी आपला हात ठेवला होता. राकट, गवत कापून कापून बोटं सोलवटलेली. "चाल, नाच आता," त्या म्हणाल्या, "आज मी निस्ती पाहातो." आणि थंडी आली तेव्हा त्यांनी खरंच माझ्या दातांच्या तालावर गाणं म्हटलं.

संध्याकाळी औषध आलं. दारात सिस्टर दिसल्या, हातात काळी बाटली उंच धरलेली, जिंकलेल्या ढालीसारखी. अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या हाताला सुया होत्या त्यांनी मांडीवर थापट्या मारल्या. बाटली टांगली गेली, थेंब सुरू झाला. अनुसयाबाई गोधडी हनुवटीपर्यंत ओढून म्हणाल्या, "सुटला बाप्पा उपास."

त्यानंतर काही दिवसांनी दुपारची गोष्ट. मी जागी झाले, खिडकीकडे बघितलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खिडकी एकच होती. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. एकच. पडदा एक, गज एकेक, बाहेरच्या गुलमोहराची लाल फांदी एक. हात लावून बघितला तर पापणी उचललेली. मी ओरडले, काय ओरडले ते मलाही ठाऊक नाही. सगळे मकारच असणार. अनुसयाबाई खाटेवरून उतरून सलाईनच्या दांड्यासकट माझ्याजवळ आल्या, माझी हनुवटी धरून त्यांनी आपल्या एका डोळ्यानं माझ्या डोळ्यात नीट बघितलं, आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "मॅडम! इचा दिवा लागला वं!"

डॉक्टर मॅडम धावत आल्या. बोट इकडं नेलं, तिकडं नेलं, वर, खाली. माझा डोळा बोटामागं गेला. मग त्यांनी वॉर्डाच्या मधोमध, स्टेथोस्कोप गळ्यात असताना, लहान मुलीसारख्या दोन उड्या मारल्या.

टाळूची प्लेट पुढं पावसाळ्यात बसली. माप घेऊन बनवलेली, गुलाबी, दातांसकट. ती आत बसवून दंतवैद्यांनी सांगितलं, काहीतरी बोला. मी ओठ मिटले. वारा कोंडला. खरंच कोंडला! कोंडलेला तो वारा मी थोडा वेळ तसाच धरून ठेवला, सोडवेना. मग म्हटलं, "पपई." मिलिंद शेजारी होता. त्यानं लगेच विचारलं, "पाहिजे का?" आणि येताना आम्ही खरंच पपई घेऊन आलो.

प्लेट बसली म्हणून चेहरा काही पूर्वीचा झाला नाही. डावा गाल आत गेलेला आहे, तो जाणारच. पण आजारानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी स्कूटरवर दुपट्टा गुंडाळून निघाले तेव्हा लक्षात आलं, की सिग्नलवरच्या शंभर बायांत माझा चेहरा कोणता हे कुणालाच ओळखता येणार नाही. नागपूरच्या उन्हानं मला बाहेर पडायची रंगीत तालीम करू दिली. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा दुपट्टा सोडून वर्गात गेले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं खूप वेळ निरखून विचारलं, "बाई, तुमचा हा गाल कुठं गेला?"

"हॉस्पिटलमध्ये राहिला," मी म्हणाले.

"मग आणायला जायचं ना!"

"जागा नव्हती. त्याच्याऐवजी मी मैत्रीण आणली."

तिला ते पटलं. तिनं पाटी पुढं केली आणि आम्ही 'प' गिरवायला घेतला.

मैत्रीण पारशिवनीच्या पुढं असते, पण फोन रोजचा. प्लेट त्यांनाही बसली आहे. तरी मी अजून 'मन्माबाई'च आहे. काचेचा डोळा त्यांना आवडला नाही. "थो पाहात नाही, निस्ता बसून रायते," म्हणून डब्यात ठेवून दिला. काळा चष्मा मात्र ऐटीत लावतात आणि गावात त्यांना सगळे हिरोईन म्हणतात, असं त्याच सांगतात.

परवा आमची दोघींची शेवटची तपासणी होती. एकाच दिवसाची वेळ मागून घेतली होती. डॉक्टर मॅडमच्या मागं आता शिकणारी मुलं उभी असतात. मॅडमनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून माझी बघितली, अनुसयाबाईंची बघितली, पुन्हा माझी बघितली. मग दोन्ही पाकिटात घातल्या.

"आता येऊ नका," त्या म्हणाल्या.

"म्हंजे कधी येऊ नको?" अनुसयाबाई.

"कधीच नाही, मावशी. स्वच्छ आहे सगळं."

अनुसयाबाईंनी दोन्ही पाकिटं घेऊन पिशवीत घातली. मग त्या म्हणाल्या, "मंग तू ये माह्या घरी. आंबे उतरून राहिले."

फाटकाबाहेर आलो. महादेवराव कडुलिंबाखाली बसले होते. इतकी वर्षं तपासणी झाली की मी घरच्या वाटेला आणि ती दोघं बसस्थानकाकडं, असं ठरलेलं. परवा कुणाचा पाय निघेना. समोर रस्त्यापलीकडं पोह्यांची गाडी होती. वाफाळते पोहे, आणि शेजारच्या पातेल्यात हरभऱ्याची लालभडक तर्री, वर तेलाचा तवंग. आजारापासून आम्ही दोघींनी तिला तोंड लावलं नव्हतं. आधी मनाई म्हणून, नंतर भीती म्हणून.

"मन्माबाई," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि गाडीकडे बोट दाखवू लागल्या. मी रस्ता ओलांडायला लागले होते.

गाडीवाल्यानं पोहे वाढले, तर्रीची पळी उचलली आणि आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून तो घुटमळला. "काकू, तिखट चालन ना?"

"चालन काय विचारतं गा," अनुसयाबाई म्हणाल्या. "पळन! वत."

त्यानं ओतली. मी पहिला चमचा तोंडात घातला. टाळूच्या प्लास्टिकच्या अर्ध्या भागाला काहीच कळलं नाही. जो अर्धा माझा आहे त्याला मात्र असा जाळ लागला की कान तापले. हरभरा दाताखाली फुटला. नाक वाहायला लागलं. शेजारी बघितलं तर अनुसयाबाईंनी चष्मा काढून पदराला अडकवला होता, तोंड उघडं टाकून हाश्शहुश्श करत होत्या आणि चमचा थांबत नव्हता. दोघींचे मिळून तीन डोळे, तिन्ही घळाघळा वाहत होते.

महादेवराव रस्त्यापलीकडून घाबरून धावत आले. "काहून रडून राहिल्या वं दोघी? काय म्हनली मॅडम?"

अनुसयाबाईंनी तोंडातला घास गिळला, पोह्यांची रिकामी प्लेट त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"रडून कोन राहिलं? आखीन एक सांगा. तर्री मारून."